चिंधीवाली बाटली

परभणी
मंगळवार, ८ जुलै २०२५

चि. अर्पितास आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी ऑफिसात पोचलं. आमच्या लॅबला टपालानं येते ती नोटीस, त्यामुळं बन्सीधर शिपायानं ते आधी सारंग सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग पाकिटावरचं अक्षर बघून परत घेऊन आला. म्हणाला, "म्याडम, हे कुण्या लेकराचं दिसायलंय." सारंग सर म्हणजे आमचे लॅबप्रमुख, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आणि सदा घाईत. त्यांनी काही विचारलं नाही, बरं झालं.

फोन तुझ्या बाबाकडं असतो आणि त्यात माझा नंबर बंद करून ठेवलाय, असं लिहितेस. ते मला माहीत आहे गं. जूनपासून रोज एकदा लावून बघते, सवयच लागलीय. उत्तर सेलूला तुझ्या मैत्रिणीच्या, राजेश्रीच्या पत्त्यावर पाठवते, म्हणालीस तसं. तिच्या आईला काय वाटेल कोण जाणे.

माझं बरं चाललंय म्हणायचं. गुडघे कुरकुरतात. लॅबच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या, तिथून गच्चीला आणखी सतरा. गच्चीवर मी आता जात नाही. यांची साखर वाढली की घरात सगळ्यांचं तोंड कडू होतं, आणि घरात आहोत दोघंच. नोकरीची तीन वर्षं उरलीत, ती कशीतरी रेटायची. संध्याकाळी घरी आल्यावर दोन भाकरी थापायचं म्हटलं तरी जिवावर येतं.

आता तुझा प्रश्न. आमच्या लॅबनं दिलेल्या बाबाच्या मधाच्या रिपोर्टवर "डायस्टेज ॲक्टिव्हिटी २.१, किमान ३ आवश्यक, नमुना अप्रमाणित" असं लिहिलंय, त्याचा अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून, असं विचारलंस. कॉलेजात सायन्सच्या सरांना का विचारलं नाही तेही लिहिलंस, "सर म्हणले असते रिपोर्ट कुणाचा." बरोबर आहे. मी सांगते. एवढं तरी मला येतं.

भाकरीचा घास तोंडात ठेवून लय वेळ चावत बस. हळूहळू गोड लागायला लागतो. भाकरीतल्या स्टार्चची लाळेनं साखर केली. लाळेत जे हे काम करतं त्याला विकर म्हणतात, तुमच्या पुस्तकात एन्झाइम. मधमाशीजवळही तसंच एक असतं. ती फुलातला रस पोटात घेते, पोळ्यात येऊन ओकते, दुसरी तो उचलते, पुन्हा ओकते, आणि त्यात तिचं ते विकर मिसळत जातं. ऐकायला किळसवाणं आहे, पण मध असाच होतो. त्या विकराचं नाव डायस्टेज.

नाव जुनं आहे, १८३३ सालचं. फ्रान्समध्ये दोन रसायनवाले होते. त्यांनी मोड आलेले जव कुटून पाण्यात भिजवले, गाळले, आणि त्या पाण्यातून एक पांढरी भुकटी काढली. चिमूटभर टाकली की ढीगभर स्टार्चची साखर व्हायची. त्यांना वाटलं, स्टार्चच्या दाण्याला वरून टरफल असतं आणि ही भुकटी ते टरफल सोडवून आतला गर वेगळा करते. म्हणून ग्रीक भाषेतला "वेगळं करणं" या अर्थाचा शब्द उचलला आणि डायस्टेज नाव ठेवलं. पुढं कळलं की टरफलाचं काही खरं नाही, ते स्टार्चची लांब साखळीच तोडतं. तोवर बारसं होऊन गेलं होतं. आणि नाव इतकं चिकटलं की नंतर सापडलेल्या विकरांना त्याचंच शेपूट लावत गेले, लायपेज, लॅक्टेज, माल्टेज. चुकीच्या समजुतीवर पडलेलं नाव, दोनशे वर्षं होत आली, कुणी बदललं नाही.

राहिली ॲक्टिव्हिटी. मधात डायस्टेज किती आहे हे आम्ही वजन करून बघत नाही, ते काम किती करतं हे बघतो. मधाच्या पाण्यात स्टार्च घालायचं, चाळीस अंशाच्या पाण्यात ठेवायचं, आणि थोड्या थोड्या वेळानं आयोडीन टाकून रंग बघायचा. स्टार्च शिल्लक आहे तोवर निळं दिसतं. विकर काम करत गेलं की निळा रंग उतरत जातो. किती मिनिटांत उतरला त्यावरून आकडा काढायचा. लवकर उतरला तर आकडा मोठा. माणसाचं असं मोजलं तर माझा तीनच्या खालीच निघेल, जाऊ दे.

मधात हे का मोजतात, तर हे विकर उष्णतेनं मरतं. मध तापवून पातळ केला तर गोडी तशीच राहते, बघणाऱ्याला काही कळत नाही, पण आतलं डायस्टेज मेलेलं असतं. म्हणून आकडा कमी आला की लोक म्हणतात, मध तापवला.

"बाबानी मध चुलीजवळबी नेला न्हाई," असं तू लिहितेस. नसेल नेला. यंदा ऊनही काही थोडं नव्हतं. पण एकदा रिपोर्ट गेला की गेला, त्यात मला आता काही करता येत नाही.

बैठकीचं वाचलं. अकरा घरांच्या गटाचा मध पुण्याच्या औषधवाल्या कंपनीला जाणार होता, नमुना तेवढा बाबाच्या डब्यातला दिला होता. आता कंपनी म्हणते, ज्यानं तापवला त्याची लेखी कबुली द्या, त्याला गटातून काढा, बाकी दहा जणांचा मध घेतो. सत्तावीस तारखेला, रविवारी, वालूरला बैठक आहे. गटाचे सेक्रेटरी मुंजाजीभाऊ कागद तयार करून बसलेत. आणि बाबा म्हणतो, "माझ्यापायी धा घरं कशाला बसवायची, टाकतो सही." "बाबा जेवंना गेलेत, पेट्यांकडं बी जाईनात," हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं.

मला विचारशील तर, सही केल्यानं माणूस मरत नाही. चार दिवस लोक बोलतील, मग त्यांना दुसरा विषय मिळेल. कधी कधी मिटवून टाकलेलं बरं असतं. तू अभ्यासाकडं बघ, बारावीचं वर्ष आहे.

आईला माझा नमस्कार सांगू नकोस, पत्र आल्याचं कळेल.

तुझी,
सुमंगला आत्या


परभणी
बुधवार, १६ जुलै २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र मिळालं. तू सायन्स सोड आणि वकिली शिक, असं लिहिणार होते. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "नमुना प्राप्त २२ एप्रिल, तपासणी २८ मे" असं असतं, ते आजवर कुणी वाचलेलं मी बघितलं नाही. कंपनीनं वाचलं नाही, मुंजाजीभाऊनं वाचलं नाही, आमच्या सरांनीसुद्धा वाचलं नसणार. आणि तू बोटं मोजून विचारतेस, "आत्या, छत्तीस दिवस मध कुठं होता? तूच लिहिलंस की उष्णतेनं मरतं म्हणून."

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, एवढीशी पोर, मीच शिकवलेलं माझ्यावरच उलटवते. पत्र पर्समध्ये कोंबलं, तीन दिवस बाहेर काढलं नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "गप बस. तीन वर्षं राहिलीत." मीही गप बसायचंच ठरवलं होतं.

काल बन्सीधर गच्चीवरचे जुने नमुने टोपल्यात घालून खाली आणत होता. तपासून उरलेला माल आम्ही काही दिवस ठेवतो आणि मग फेकतो. टोपल्यात सगळ्यांत वर तुझ्या बाबाच्या मधाची बाटली होती. मी म्हणाले, ती ठेव इथं. का, म्हणून त्यानं विचारलं नाही. आत्ता हे लिहिताना ती माझ्यापुढं आहे.

नमुन्यावर आम्ही नाव ठेवत नाही, नंबर लावतो, म्हणजे तपासणाऱ्याला कुणाचा ते कळू नये. पण या बाटलीला बुडापासून गळ्यापर्यंत लाल काठाची हिरवी चिंधी गुंडाळलेली आहे. तुझी आजी, माझी माय, जाऊन चार वर्षं झाली, तरी तिच्या लुगड्यांच्या चिंध्या तुझ्या बाबाला, माझ्या परमूला, अजून पुरतात. बाटली प्रवासात फुटू नये म्हणून तो तशी गुंडाळतो. ते लुगडं मी पाठीवर घेऊन झोपलेय लहानपणी. मला कळणार नाही तर कुणाला कळणार?

तर एप्रिलात बाटली आली तेव्हाच ओळखली, आणि रांगेतून काढून मागं ठेवली. आपल्या माणसाचं सगळ्यांत शेवटी. घरी पंगत असली की माय आधी पाव्हण्यांना वाढायची, आम्ही दोघं भांडी राखत बसायचो, तसंच. उद्या कुणी म्हणायला नको की बाईनं भावाचा नमुना पुढं घेतला. नियम असा आहे की नातेवाइकाचा नमुना असेल तर सरांना सांगून दुसऱ्याच्या हाती द्यायचा. लॅबमध्ये तपासणी करणारी दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती. मी मनाशी म्हणाले, मी तर त्याला उलट मागं ठेवतेय, मग सांगायचं काय त्यात?

फ्रिजमध्ये जागा नव्हती. लग्नसराई होती. खवा, पनीर, श्रीखंड, सगळा जिल्हा आमच्या दोन फ्रिजमध्ये येऊन बसलेला. म्हणून ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायला सांगितली, चार दिवसांसाठी म्हणून. आणि अर्पे, हसशील तू मला. मी एमेस्सी झालेली बाई, तेवीस वर्षं हेच काम करते, पण त्या वेळी माझ्या डोक्यात डायस्टेज आलंच नाही. मायचं बोलणं आलं, "मध कवाच नासत न्हाई, लेकरांनो." आपल्याकडं सगळेच म्हणतात तसं. मी बाटली वर पाठवून दिली आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेले.

मे महिन्यात परभणीचा पत्रा कसा तापतो हे तुला सांगायला नको. दुपारी त्या खोलीचं दार उघडलं की तोंड भाजतं. तिथं तो मध छत्तीस दिवस होता.

रिपोर्टचा आकडा एवढंच सांगतो की या मधाला ऊन लागलं. कुठं लागलं आणि कुणाच्या हातनं लागलं, ते त्याला सांगता येत नाही. बाकीचं आपण माणसांनी भरलं. पहिल्या पत्रात मी तुला हे सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी सही करून मिटवा म्हणाले, आणि वर तुला अभ्यास कर म्हणून सांगितलं. लाज वाटते मला त्याची.

पण नुसतं मी म्हणून भागणार नाही. म्हणतील, भावासाठी बोलायलीय. म्हणून एक काम कर. त्याच डब्यातला मध धाब्याच्या खोलीत असेल, बाबा डबे पोत्यात गुंडाळून अंधारात ठेवतो ना, तिथं. डब्यावरची तारीख बघून त्यातलाच एक बाटलीभर काढ. राजेश्रीचे वडील सोमवारी आणि गुरुवारी परभणीच्या बाजाराला येतात म्हणालीस, त्यांच्या हाती दे. सकाळच्या गाडीनं येऊ देत. बाटलीला ओलं फडकं गुंडाळ आणि त्यांना बजावून सांग, उन्हात ठेवायची नाही. एवढं शिकलेय मी यंदा.

बाबाला अजून काही बोलू नकोस. आधी आकडा येऊ दे. थोडा दम धर माझ्यासाठी.

तुझी,
आत्या


परभणी
गुरुवार, २४ जुलै २०२५, दिव्याची आवस

चि. परमू,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, घ्यायचे की नाही ते तू बघ. खुशाली विचारत नाही. ती मला अर्पीनं कळवलीय. तिला रागावू नकोस. तुझ्या घरात सध्या शहाणं माणूस तेवढं एकच आहे. हे पत्र तिच्याच हातनं तुला मिळेल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आधी कामाचं. पाकिटात आमच्या लॅबचा कागद आहे, सारंग सरांच्या सहीचा. त्यात लिहिलंय की २९ मेचा रिपोर्ट रद्द केलाय, कारण नमुना तपासणीआधी छत्तीस दिवस आमच्याच इथं पत्र्याच्या खोलीत उन्हात राहिला. तोच कागद पुण्याच्या कंपनीला गेलाय. सोबत नवा रिपोर्ट आहे. त्याच डब्यातला मध अर्पीनं सोमवारी पाठवला, मंगळवारी सरांनी स्वतः तपासला. मी हात लावला नाही, बाहेर बाकावर बसून होते. बत्तीस मिनिटांत निळा रंग उतरला. आकडा नऊ पूर्णांक चार आला. तीन लागतात. त्या दिवशी माझ्या हाताखाली दोन तास तेवीस मिनिटं लागली होती.

तुझा मध चोख आहे, परमू. होताच.

आता जे कागदात नाही ते. बाटली मी कशी ओळखली, रांगेत मागं का ठेवली, वर का पाठवली, ते अर्पीला लिहिलंय, ती दाखवील. पण तिलाही मी एक खोटं लिहिलं. वर ठेवून विसरले म्हणाले. विसरले नव्हते. बन्सीधरनं तीनदा विचारलं होतं, "म्याडम, वरची चिंधीवाली बाटली आणू का खाली?" तीनदाही मी म्हणाले, राहू दे, आधी बाकीच्यांचं होऊ दे. मला बरं वाटायचं असं म्हणताना. बघा, मी किती इमानी, सख्ख्या भावाला शेवटी उभं करते. तुझ्या मधावर माझा इमानीपणा शेकत होते मी.

आणि अठ्ठावीस मेला बाटली खाली आली तेव्हा ती ऊन होती. हातात धरवेना. चहाचं पातेलं उतरवावं तशी पदरात धरून टेबलावर ठेवली. मला तेव्हाच कळलं, परमू. आकडा यायच्या आधी कळलं.

आकडा आल्यावर दोन ओळी लिहायच्या होत्या. नमुना नीट ठेवला गेला नाही, दुसरा मागवा. झालं असतं. पण मग विचारलं असतं, कुणी ठेवला, का ठेवला, कुणाचा होता. तेवीस वर्षांत माझ्या कामावर कुणाचा शेरा नाही. मी सही केली. वाटलं, दुसरी एखादी कंपनी बघेल परमू, आपलं काय त्यात. तुझ्या नावावर एवढं येईल हे मनात आलं नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. आलं होतं. बाजूला सारलं.

मग तुझा फोन आला, एक जूनला. तू स्पीकरवर टाकला होतास. मुंजाजीभाऊ आणि गटाची माणसं शेजारी बसलेली मला ऐकू येत होती, कुणीतरी खोकत होतं. तू माझ्याकडं काही मागितलं नव्हतंस. एवढंच म्हणालास, "अक्का, ह्यांना सांग बरं काय झालंय ते." चार दिवसांपूर्वी ती बाटली पदरात धरून आणलेली मी, आणि मी तुलाच विचारलं, "परमू, खरं सांग, तापवलास का मध?" तू म्हणालास, "मायची आण अक्का, चुलीजवळबी नेला न्हाई." मी म्हणाले, "आकडा खोटं बोलत नसतो."  तू फोन ठेवला नाहीस, लय वेळ तसाच धरून होतास. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी बंद केला.

आकडा खरंच खोटं बोलला नव्हता. मी बोलले. त्या दहा माणसांनी तुला चोर म्हटलं ते आकड्यावरून नाही म्हटलं, तुझी बहीण बोलली म्हणून म्हटलं.

पेट्या घे म्हणून तुझ्या मागं लागले ती मीच. करडईच्या रानात पहिल्या चार पेट्या ठेवल्यास तेव्हा गाव हसलं, "परमेश्वरनं माश्या पाळल्यात." पहिल्या वर्षीचा मध घेऊन तू लॅबमध्ये आलास, चपला जिन्याखालीच काढल्यास, आणि तपासायला दिलास त्याच्या दुप्पट बन्सीधरला चाटवलास. तो अजून सांगतो सगळ्यांना. यंदाही कंपनी म्हणत होती पुण्यात तपासू, आणि तू म्हणालास म्हणे, "कशाला, माझी अक्का हाय परभणीला." हे मला अर्पीच्या पत्रातून कळलं. ते वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. ते आधी उठून दार लावून आले. मग म्हणाले, "मॅडम, बन्सीधरनं चुकून वर ठेवला असं लिहू. त्याला कोण काय करणार आहे?" तुला सांगते, मी दोन मिनिटं गप्प राहिले. ती दोन मिनिटंही लिहून ठेवते, नाहीतर तू मला उगीच मोठी समजशील, तुझी खोड आहे ती. बाहेर बन्सीधर कपबश्या विसळत होता. मी म्हणाले, नको सर, माझं नाव लिहा. ते म्हणाले, आवसेच्या आठवड्यात तुम्हाला हे बरं सुचलं. आजपासून रिपोर्टवर सही करायचा अधिकार माझ्याकडं नाही. नोकरी राहते की जाते ते पंधरा दिवसांत ठरेल. यांनी अबोला धरलाय, पण सकाळी चहा करून दिला.

थकलेय रे. वाटत होतं वयानं थकलेय, जिन्यानं थकलेय. दोन महिने हे अंगावर घेऊन फिरत होते, त्यानं थकले होते. तुला तर त्यापेक्षा जड घेऊन फिरायला लावलं मी, आणि तुझा त्यात काही गुन्हा नव्हता.

रविवारी सकाळच्या गाडीनं सेलूला उतरते आणि तिथून वालूरची जीप धरते. दहापर्यंत पोचेन. कागद मुंजाजीभाऊच्या हातात देऊन मी मोकळी होणार नाही. कागद कुणी वाचत नाही, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? फोनवर सगळ्यांदेखत बोलले, तर परतही सगळ्यांदेखत घेईन, उभं राहून, तोंडानं. कुणी शिव्या दिल्या तर खाईन. तू माझी बाजू घ्यायची नाहीस. घेशील, म्हणून आधीच सांगते. त्या दिवशी तरी गप बस.

तोवर सही करू नकोस. पेन पुढं केला तर म्हण, थांबा जरा, ज्याची चूक हाय ते माणूस वाटेत हाय.

चिंधी सोडून धुतलीय, सावलीत वाळवलीय. घेऊन येते.

पत्राच्या शेवटी "तुझी अक्का" लिहायला गेले आणि हात थांबला. रविवारी तू तशी हाक मारलीस तर पुढच्या पत्रात लिहीन. आज एवढंच,

जिनं बाटली वर ठेवली आणि खाली सही केली, ती
सुमंगला